कावळ्याचेही दहाच रुपये

मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की आमचा गट हिवाळ्यातला एक रविवार पणजी शहरात पक्षी बघत काढतो, आणि दिवसभरात जितक्या जाती दिसतील त्या हिशेबाने, ‘पक्ष्यामागे दहा रुपये’ अशी, ओळखीच्यांकडून देणगी घेतो. त्या एका ओळीवर पत्रं आली. त्यातली काही खाली देते. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : ताई, आमचं महिला मंडळ बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) दाखल असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना सकाळचा नाश्ता पुरवणाऱ्या एका संस्थेला दरवर्षी थोडी मदत करतं. आजवर हौजी ठेवली, लाडू-चकल्या विकल्या. यंदा माझी सून म्हणते, तुमच्यासारखा पक्ष्यांचा दिवस करूया, परदेशात असं पुष्कळ करतात. पण आमच्यातल्या निम्म्या जणींना कावळा-चिमणीपलीकडे काही ओळखत नाही. पणजीत पक्षी असून असणार किती? आणि लोक हसतील त्याचं काय? — एक वाचिका, मळा, पणजी

उत्तर : हसतील ना. सकाळी हसतील आणि संध्याकाळी तेच फोन करून ‘किती झाले गो?’ म्हणून विचारतील.

सूनबाईंचं म्हणणं खरं आहे. कॅनडात १९७६ पासून असे दिवस होतात. अमेरिकेत न्यू जर्सीला १९८४ मध्ये मध्यरात्र ते मध्यरात्र अशी चोवीस तासांची शर्यत सुरू झाली, लोक जातीमागे पैसे कबूल करतात आणि ते निसर्गरक्षणाच्या कामाला जातात. मला स्वतःला हाँगकाँगचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. तिथली शर्यतही १९८४ चीच, आणि तिच्या पैशातून माय पो नावाची पाणथळ जागा राखली जाते. एका बाजूला गगनचुंबी इमारती, दुसऱ्या बाजूला खारफुटी, आणि मध्ये बांध घालून केलेली कोळंबीची तळी. भरतीचं पाणी दारातून आत घ्यायचं, त्याबरोबर बारीक कोळंबी येते, ती वाढली की ओहोटीला दार उघडून धरायची. आपल्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मानशीवर (पाणी आत-बाहेर सोडायच्या दारावर) जे चालतं तेच. तेव्हा हे काही आपल्याला परकं नाही. तुम्ही पैसे माणसांच्या नाश्त्याला देणार म्हणून संकोच वाटतोय असं पत्रावरून दिसलं. वाटू देऊ नका. पक्ष्यांच्या दिवसाचे पैसे पक्ष्यांनाच द्यायला हवेत असा कुठे नियम नाही, आणि गोमेकॉच्या आवारात सकाळी सहाला रिकाम्या पोटी बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता दराचं. ‘पक्ष्यामागे दहा रुपये’ म्हणजे जातीमागे दहा रुपये. खाजनात दोनशे बगळे उतरले तरी गाय बगळा ही एक जात, तिचे दहा रुपये एकदाच. हे नाव लिहून घेतानाच समजावून सांगा, नाहीतर थव्याचा आकडा ऐकून देणाऱ्याला घाम फुटतो. आणि दर सगळ्या जातींना एकच ठेवा. दुर्मीळ पक्ष्याला पन्नास, साध्याला पाच अशी प्रतवारी आमच्या गटातही सुचवली गेली होती. मी ती हाणून पाडली. दर वेगळे झाले की सगळा गट समुद्री गरुडासाठी गाडी घेऊन दोनापावल्याकडे पळतो, आणि मळ्याच्या पायऱ्यांवर शेपटी उभारून गाणारा दयाळ तसाच मागे राहतो. दर एक असला की कावळ्यालाही नीट बघावं लागतं. कावळ्याचं काय सांगावं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला उंदीर-घुशींच्या पंगतीला ‘उपद्रवी’ म्हणून बसवला होता. २०२२ च्या दुरुस्तीत उपद्रवी प्राण्यांची ती यादीच गेली. कायद्याने त्याला मान दिला, आता आपण दहा रुपये द्यायला काय हरकत आहे?

शिवाय तुमच्या ज्या मैत्रिणींना फक्त कावळाच ओळखतो, त्यांच्यापासूनच सुरुवात करा. त्यांना विचारा, मान राखाडी आहे की सगळाच काळा? राखाडी मानेचा तो गावकावळा. सगळा काळाकुळकुळीत, चोच जाड आणि आवाज घोगरा, तो डोमकावळा. दोन जाती, वीस रुपये. मग त्यांना मासळी बाजाराच्या बाजूला न्या आणि वर बघायला सांगा. घिरट्या घालणाऱ्या सगळ्याच घारी नव्हेत एका जातीच्या. शेपटीला खाच दिसली तर साधी घार. शेपूट गोल, अंग विटकरी आणि डोकं-छाती पांढरी, ती ब्राह्मणी घार. तिचं पिल्लू मात्र तपकिरी असतं आणि साध्या घारीसारखंच दिसतं, तेव्हा रंगावर जाऊ नका, शेपटीची कड बघा. अजून नदीही गाठली नाही आणि चाळीस रुपये झाले.

‘पणजीत किती असणार’ याचं उत्तर असं, की गोव्यात मिळून साडेचारशेच्या वर जातींची नोंद आहे, आणि शहरात एक जाणकार बरोबर असेल तर जानेवारीत साठ पार करायला अडचण येऊ नये. ऑक्टोबर ते मार्च हिवाळी पाहुणे इथे असतात, त्यातला जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. आधी हद्द ठरवून कागदावर लिहा. रायबंदर महानगरपालिकेत येतं. ताळगाव पंचायत आहे, पण सांतिनेजहून पायी जाता येतं म्हणून आम्ही ते शहरातच धरतो. चोडण नाही. समोर फेरीच्या पलीकडे सलीम अली अभयारण्य आहे, १.७८ चौरस किलोमीटरची खारफुटी, १९८८ पासून राखीव. तिकडे जायचा मोह होतो, आणि गेलं की पणजीचा दिवस संपला. आमचा नियम साधा आहे, पाय शहरात हवेत. तिकडून उडून आलेला पक्षी इकडून दिसला तर खुशाल लिहा.

जागा मी अशा क्रमाने घेते. उजाडताच मिरामार, कारण सात वाजले की चालायला येणारी माणसं आणि त्यांचे कुत्रे वाळूवरच्या चिखल्यांना आणि कुरवांना उठवतात. संध्याकाळी तिथे जाऊ नका, रविवारची नुसती जत्रा असते. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, तेव्हा पावणेसातला पोचलात तरी चालेल. मग आल्तिनो. टेकडीवर जुनी झाडं आहेत, तिथे उन्हाची तिरीप आली की तांबट, शिपाई बुलबुल, हळद्या, शिंजीर, शिंपी आपणहून आवाज देतात. तिथून खाली फोंतेन्हास, खाडी, पाटो आणि रायबंदरचा रस्ता. दुपारी बारा ते साडेतीन घरी जा, शीत-कडी जेवून झोपा. त्या वेळात पक्षीही तेच करतात. चार वाजता ताळगावची शेतं. वायंगणाचं (दुसऱ्या हंगामातल्या भाताचं) पाणी भरलेलं असलं तर धोबी, वेडे राघू, कोतवाल, मुनिया, नशीब असेल तर मुग्धबलाक. दिवस मावळताना पुन्हा खारफुटीकडे या, बगळे मुक्कामाला परततात तेव्हा सकाळी निसटलेला एखादा सापडतो. सांतिनेजचा नालाही विसरू नका. नाकाला रुमाल लावा आणि पाच मिनिटं उभ्या राहा, लाजरी पाणकोंबडी त्याच घाणीत फिरत असते.

रायबंदरच्या रस्त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ देते. हा तीन किलोमीटरचा बांधरस्ता व्हाइसरॉय काउंट ऑफ लिन्यारिश याच्या काळात, १६३३-३४ साली बांधला गेला. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला खारफुटी, खाजन आणि मिठागरं. शेकाट्या, तुतवार, टिटव्या, राखी बगळे, सुरय, वरून भोवत्या. बसमध्ये बसून रोज इथून जाणाऱ्यांना यातलं काही माहीत नसतं. पण वाहतूक रविवारी सकाळीही जोरात असते, एकामागे एक चाला आणि दुर्बीण डोळ्याला लावून मागे सरकू नका.

इथे एक गोष्ट दिवस ठरवतानाच सांभाळायला हवी, ती म्हणजे ओहोटी. चिखल उघडा पडला तरच पाणपक्षी खायला उतरतात. भरतीत गेलात तर नुसतं पाणी बघून याल. पंचांग हाताशी असतंच. अमावास्या-पौर्णिमेला आपल्याकडे भरती दुपारच्या सुमाराला आणि ओहोटी पहाटे व संध्याकाळी येते, आणि पुढे ती रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा होत जाते. म्हणजे चतुर्थी-पंचमीच्या आसपासचा रविवार धरलात तर ओहोटी सकाळी आठच्या मागेपुढे सापडते, नेमकी तुम्ही खाडीवर पोचता तेव्हा. अष्टमीच्या भांगाला पाणी फारसं उतरतच नाही, तो रविवार सोडा. भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघून घ्या किंवा रायबंदरला जाळं टाकणाऱ्या माणसाला विचारा, तो मिनिटांत सांगेल.

आणि खाडीवर घाई करू नका. रुआ द ओरें या खाडीकाठच्या रस्त्याच्या कठड्याला टेकून उभं राहिलं की आधी काहीच दिसत नाही. मग चिखलाचाच एक गोळा मान लांब करतो, ती ढोकरी. पाठ तपकिरी, मानेवर मातकट रेघा, नजर पाण्यावर खिळलेली. कितीही वेळ बघा, पीसही हलणार नाही. कोणी होडी ढकलली की ती उडते आणि पंख उघडताच सगळी पांढरीशुभ्र होते. नव्या माणसाला वाटतं दुसराच पक्षी उडाला, आणि तो दोन जाती लिहून मोकळा होतो. तिच्यापासून चार हातांवर छोटा बगळा असतो. त्याचे पाय काळे आणि पंजे पिवळे. उथळ पाण्यात एक पंजा पुढे करून तो चिखलात थरथर हलवतो, गढूळ उठतं, खालचं मासळीचं पिल्लू बावरून बाहेर येतं आणि चोच खाली जाते. ते पिवळे पंजे दिसल्याशिवाय ‘छोटा बगळा’ लिहायचं नाही, असं आमच्याकडे ठरलेलं आहे. पांढरा दिसला की बगळा, हे हिशेबाला चालत नाही. गाय बगळा, छोटा, मध्यम, मोठा आणि किनाऱ्यावरचा समुद्री बगळा, सगळे वेगवेगळे.

पैशाचा हिशेब सोपा आहे. पन्नास जणांनी जातीमागे दहा रुपये कबूल केले आणि साठ जाती झाल्या, तर तीस हजार. वीस जण निघाले तरी बारा हजार. हौजीत याहून जास्त मिळतील हे मी नाकारत नाही. पण हौजीला हॉल, माइक, बक्षिसं लागतात, इथे खर्च म्हणजे पातळ भाजी-पाव, बन आणि चहा. तोही ज्याने त्याने आपापल्या खिशातून करायचा, देणगीतून एक रुपया नाही. पैसे आठ दिवसांच्या आत गोळा करा. त्यानंतर माणसाला पक्षी आठवत नाहीत आणि दहा रुपयेही आठवत नाहीत. शक्यतो देणाऱ्याने थेट संस्थेच्या खात्यात भरावेत आणि संस्थेचीच पावती घ्यावी. आयकराची सवलत हवी असणाऱ्यांना सांगून ठेवा, २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर ती मिळत नाही.

प्रश्न : तुमच्या लेखामुळे मी अडचणीत आलो. भाचीला मोठ्या तोऱ्यात पक्ष्यामागे शंभर रुपये कबूल केले. वाटलं, शहरात दहा-पंधरा होतील. आता ती सत्तरच्या गोष्टी करते. सात हजार! आणि ती ‘पाहिला’ म्हणेल ते मी खरं कशावरून मानायचं? — एक वाचक, फोंडा

उत्तर : काका, शब्द दिलात तो पाळा. पुढच्या वर्षी मात्र कबूल करतानाच वरची मर्यादा सांगा, ‘शंभरप्रमाणे, पण तीन हजारांच्या वर नाही’ असं. त्यात कमीपणा काही नाही, जाणते लोक तसंच करतात.

खरं-खोट्याबद्दल. भाचीकडून नुसता आकडा घेऊ नका, यादी मागा, प्रत्येक नावापुढे वेळ आणि जागा लिहिलेली. आमच्यात निदान दोघांनी पाहिल्याशिवाय नाव चढत नाही. पैसे जातीवर ठरतात म्हटल्यावर दिवस कलताना एकोणसाठचे साठ करायचा मोह कोणालाही होतो, आणि तो मोडायला दुसरे डोळे लागतात. यादीतलं कुठलंही एक नाव निवडून तिला ‘हा कुठे होता, काय करत होता?’ असं विचारा. ज्याने पाहिला असतो तो सांगताना थांबत नाही. ती अर्धा तास बोलली तर तुमचे शंभर रुपये वसूल समजा, आणि पुढचं नाव विचारू नका, दुपार जाईल.

प्रश्न : माझा भाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेला. आमच्या गटाला तो चांगली रक्कम द्यायला तयार आहे. माझ्या खात्यात पाठवतो म्हणतो, मी ती पुढे संस्थेला द्यावी. चालेल? — एक वाचक, मडगाव

उत्तर : असं करू नका. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला म्हणजे कायद्याच्या लेखी तो परदेशी नागरिक, मग जन्म कुडतरीचा असो आणि खिशात ओसीआय कार्ड असो. त्याची देणगी ही परदेशी देणगी, रुपयांत दिली तरीही. ती घ्यायला संस्थेची २०१० च्या परदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून असे पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. संस्थेला आधी विचारा. नोंदणी असेल तर भावाने थेट तिकडेच पाठवावेत. नसेल तर त्याला सांगा, यादी पाठवतो ती वाच, पैसे राहू देत. तुमच्या खात्यातून फिरवून दिलेत तर अडचणीत ती बिचारी संस्था येईल.

भारतीय पासपोर्टवर कुवेत-दुबईला असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगीत धरत नाहीत.

प्रश्न : मी सातवीत आहे. आमच्या गटात बाबा आणि त्यांचे मित्र पक्षी बघणार आणि मी फक्त लिहिणार, असं ठरलंय. हे बरोबर आहे का? — एक विद्यार्थी, पर्वरी

उत्तर : ‘फक्त’ कसं रे? लिहिणारा नसेल तर त्या दिवसाचं काहीच उरत नाही. मोठी माणसं बघताना एकदम चार नावं ओरडतात आणि मग त्यांनाच आठवत नाही कोणी काय पाहिलं. तू वेळ, जागा, जात आणि साधारण किती पक्षी होते ते लिही. पेन नको, पेन्सिल घे, पहाटेच्या दवाने कागद ओला झाला तरी अक्षर फुटत नाही. आणि दोघांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय नाव चढवू नको, बाबा रागावले तरी. त्या दिवसापुरता तू त्यांचा साहेब.

मात्र दर तासाला वही दुसऱ्याकडे द्यायची आणि दुर्बीण तुझ्याकडे, असं आधीच कबूल करून घे. घरी आल्यावर यादी ‘ई-बर्ड’वर चढव. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलेली ही नोंदवही आहे, फुकट आहे, आणि जगभरचे लोक तीत लिहितात. दर फेब्रुवारीत चार दिवस तिच्यावर सगळीकडचे लोक आपल्या अंगणातले पक्षी मोजतात, ही मोजणी तर ई-बर्डच्याही आधीपासून, १९९८ पासून चालू आहे. पंधरा मिनिटं मोजलं तरी पुरतं. तुझ्या शाळेलाही करता येईल, बाईंना विचार.

प्रश्न : हल्ली मोबाइलमधलं ॲप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतं. त्याने सांगितलेले पक्षी यादीत धरावेत का? आणि पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावलं तर? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : ॲपने नाव सांगितलं तर त्या दिशेला बघा. दिसला तर लिहा, किंवा तो आवाज तुम्ही स्वतः ओळखत असाल तर लिहा. कोकीळ ऐकून लिहायला कोणाला दुर्बीण लागते? पण ॲपच्या भरवशावर नाही. आपल्याकडचा भृंगराज, शेपटीला दोन तारा आणि टोकाला पिसांचे पल्ले लावून हिंडणारा, तो शिक्ऱ्यापासून बुलबुलापर्यंत कोणाचीही नक्कल करतो. हरेवाही कमी नाही. एकटा भृंगराज फांदीवर बसून तुमच्या ॲपला पाच नावं सांगेल आणि तुम्ही लोकांकडून पन्नास रुपये घ्याल.

आवाज वाजवायचा नाही. त्याला वाटतं आपल्या जागेत दुसरा नर शिरला, म्हणून तो खाणं सोडून भांडायला येतो. घरट्याजवळ तर अजिबात नाही, आणि घुबडाच्या डोळ्यांवर बॅटरी मारायची नाही. यादीत एक नाव कमी पडलं तर दहा रुपये माझ्याकडून घ्या.

प्रश्न : आमच्या क्लबच्या पक्षीदिनाला एक कंपनी टी-शर्ट आणि बॅनर द्यायला तयार आहे. घ्यावं का? — एक वाचक, वास्को

उत्तर : आमच्याकडेही अशी एक कंपनी आली होती. टी-शर्ट भडक पोपटी, आणि बॅनर खारफुटीच्या दोन झाडांना बांधायचा, फोटो येईपर्यंत. आम्ही म्हटलं, धनादेश द्या, बॅनर तुमच्या कचेरीत लावा. त्यांनी पुन्हा फोन केला नाही. तुमची कंपनी शहाणी असेल तर विचारून बघा. टी-शर्ट घेतलेच तर मातकट किंवा करडे मागा.

प्रश्न : कोणी लिहीत नाही म्हणून मी विचारते. सकाळी पावणेसातपासून बाहेर, तर बायकांनी जायचं कुठे? — एक वाचिका, डिचोली

उत्तर : हा प्रश्न पहिल्या पत्रात यायला हवा होता. जागांचा क्रम ठरवताना मी आधी हेच बघते. आल्तिनोवरून उतरलात की एखाद्या ओळखीच्या मैत्रिणीचं घर गाठा, फोंतेन्हास-मळ्यात प्रत्येकीचं कोणी ना कोणी असतंच. पाटोला कदंब बसस्थानक जवळ आहे, रायबंदरला निघण्याआधी सगळ्यांनी तिथे जाऊन यायचं, कारण पुढे तीन किलोमीटर बांधावर काही नाही. नाश्ता नेहमी टेबल-खुर्चीच्या हॉटेलात घ्यायचा, गाड्यावर नाही, भाजी कितीही चांगली असली तरी. दुपारी घरी जायचं म्हणते त्यालाही निम्मं कारण हेच. ‘मी पाणीच पीत नाही’ असं सांगणाऱ्या जणी असतात, त्यांना रागवा, उन्हात चक्कर येऊन पडतात. आणि गटप्रमुख पुरुष असेल तर हे थांबे त्याला आदल्या दिवशी लिहून द्या, नाहीतर बांधाच्या मध्यावर तो म्हणेल, एवढी टिटवी येऊन जाऊ दे, अर्धा तास थांबूया.